आईचे गुडघे आणि आमचं मातीचं घर : एका वर्षाच्या कामाच्या नोंदी

ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. आई 67 वर्षांची, उंची चार फूट अकरा, दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. घर कोरेगाव तालुक्यात, आजोबांनी बांधलेलं, मातीच्या भिंती, शहाबादी फरशी, प्रत्येक दाराला उंबरठा, संडास मागं परसात. मी एमआयडीसीत लेथवर काम करतो, म्हणजे मोजमाप आणि लोखंड कळतं, बांधकाम कळत नाही. चुका तिथंच जास्त झाल्या.

13 सप्टेंबर 2024

काल गौरी गेल्या. परवा पूजेला आई नैवेद्य दाखवायला खाली बसली आणि उठताच येईना. मी आणि बायकोनं दोन बाजूंनी धरून उठवली. रडली नाही पण दिवसभर कुणाशी बोलली नाही. वर्षभर ती संडासात दाराची कडी धरून उठत होती हे मला आत्ता कळलं. कडीचे स्क्रू निम्मे बाहेर आलेत, रोज त्या दारातून जातो आणि बघितलं नाही.

16 सप्टेंबर

डॉक्टरांकडं नेलं. आम्ही मागच्या वर्षीचा एक्स-रे घेऊन गेलो होतो, तो झोपवून काढलेला, ते म्हणाले हा उपयोगाचा नाही, उभं करून, अंगाचा भार पायावर असताना काढा, तेव्हा सांध्यातली फट खरी किती उरलीय ते दिसतं. परत 700 रुपये. उभं राहून काढलेल्यात उजव्या गुडघ्याची आतली बाजू जवळजवळ टेकलेली दिसली. ग्रेड 3 म्हणाले, चारपैकी.

दुसरी गोष्ट निघाली ती जास्त काळजीची. आई गेले आठ महिने शेजारणीनं सांगितलेली दुखण्याची गोळी रोज खात होती, तीपण बऱ्याचदा उपाशीपोटी, पहाटे भाकरी टाकायच्या आधी. बीपी 160 च्या वर. डॉक्टरांनी ती बंद केली, म्हणाले या गोळ्यांनी बीपी वाढतं, पोटात अल्सर होतो, किडनीवर जातं, या वयात रोज खायची वस्तू नाही. लावायला डायक्लोफिनॅकचं जेल दिलं आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तुमच्या घरात कुणी अशी गोळी परस्पर खात असेल तर आधी ती पट्टी घेऊन डॉक्टरांना दाखवा, बाकी सगळं नंतर.

गुडघा बदलायच्या ऑपरेशनचं विचारलं. रात्रीची झोप जायला लागली, घरातल्या घरात चालणं बंद व्हायला लागलं तर बोलू म्हणाले, आत्ता नाही. पुण्याच्या ताईनं फोनवर खर्चाची चौकशी केली होती, आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर 2017 ला केंद्र सरकारनं मर्यादा घातलीय, पण हॉस्पिटलचा बाकी खर्च वेगळा असतो, पूर्ण पॅकेज लिहून मागा. आई मात्र म्हणाली वाजपेयींनी पण केलं होतं की. तिला बरोबर आठवतंय, 2000 ला एक आणि 2001 ला दुसरा, ब्रीच कँडीत. म्हणजे तिच्या मनात हे किती वर्षं चाललंय बघा.

22 सप्टेंबर

फिजिओ मॅडमनी एक वाक्य सांगितलं त्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. गुडघा जितका जास्त वाकवून त्यावर भार टाकून उठाल तितका तो भरडतो, म्हणून ज्यावर बसायचं ते उंच करा. घरी येऊन टेप लावला. आईची जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतची उंची साडेपंधरा इंच. आणि आई दिवसभर बसते कुठं, तर पाट पावणेदोन इंच, चुलीपुढचं बसकं चार इंच, पलंग 14 इंच, संडास शून्य. विळीवर भाजी चिरायला खाली, भाकरी थापायला खाली, धुणं खाली, देवपूजा खाली. मी मोजलं एका दिवसात, 31 वेळा जमिनीवरून उठली.

29 सप्टेंबर

सगळ्यात आधी संडास. तोडफोड नको म्हणून दुकानातून ते भोकाचं प्लास्टिकचं कमोड स्टूल आणलं, 1,100 रुपये, भारतीय भांड्यावर ठेवायचं. पैसे वाया गेले. ओल्या टाइलवर त्याचे पाय सरकतात, पाणी बाहेर उडतं, आणि उठताना आईचा हात त्याच्या कडेवर पडला की ते एका बाजूला उचलतं. आठव्या दिवशी ते सरकलं. आई भिंतीला टेकली म्हणून वाचली. त्याच दिवशी काढून टाकलं.

14 ते 21 ऑक्टोबर

दसरा झाल्यावर मिस्त्री आले. जुनं भांडं फोडायचं, कमोड बसवायचं. इथं आठ दिवस गेले, खरं तर तीन दिवसांचं काम आहे, म्हणून कुठं घोळ झाला ते नीट लिहितो.

पहिला घोळ, मी कमोड आधी घेऊन आलो आणि तो निघाला पी ट्रॅपचा, म्हणजे त्याची नळी मागं भिंतीकडं जाते. आमची लाइन जमिनीत खाली जाते, त्याला एस ट्रॅप पाहिजे. बदलून आणायला टेम्पोचे 400 आणि दीड दिवस. भांडं फोडून लाइन बघितल्याशिवाय कमोड आणू नका, आणि एस ट्रॅपमध्ये पण भिंतीपासून भोकाचं अंतर मोजून न्या.

दुसरा घोळ मोठा. मिस्त्रींनी कमोड फरशीवर बसवला, व्हाइट सिमेंट भरलं, मस्त दिसत होता. दुसऱ्या दिवशी आईला बसवलं तर सीट साडेपंधरा इंचावर, बरोबर तिच्या गुडघ्याएवढी, आणि तिथून तिला उठता येत नाही. एवढी मापं काढणाऱ्या माणसानं नेमकं हेच आधी करून बघितलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो. मग परसात विटा रचून त्यावर फळी टाकली आणि आईला एकेक उंचीवर बसवून उठवलं, 16, 17, 18, 19. सतरावर हात टेकावे लागले, अठरावर एका हातानं उठली, एकोणीसवर टाचा जमिनीवरून सुटायला लागल्या. म्हणजे 18. ही विटांची परीक्षा फुकट आहे, अर्ध्या तासाची आहे, ती पहिल्या दिवशी करा.

कमोड परत उचलावा लागला. सिमेंटनं धरलेलं, छिन्नी लावली तर पायाला तडा गेला. 4,800 गेले. नवीन आणला, खाली अडीच इंचाचा काँक्रीटचा कट्टा केला, पण तो कमोडच्या बुडापुरताच ठेवला, पाय ठेवायची जागा खालीच राहिली पाहिजे नाहीतर उंची परत तेवढीच होते. मिस्त्री आधी पूर्ण फरशीच उचलणार होते.

तिसरं, या आठ दिवसांत आई जाणार कुठं याचा विचारच केला नव्हता. शेजारच्यांकडं गेली, त्यांच्या संडासाला चार पायऱ्या आणि आत भारतीय भांडं. त्या आठवड्यात उजवा गुडघा सुजून लिंबाएवढा फुगवटा आला. ही माझी चूक, आणि तिचा त्रास तिनं भोगला. काम काढायच्या आधी पर्यायी सोय करा, भाड्यानं कमोडची खुर्ची मिळते, चाकं नसलेली बघा.

31 ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नानाला पाट मांडायचा हे आई सोडायला तयार नव्हती. शेवटी पाट मांडला, त्याच्याभोवती रांगोळी काढली, आणि पाटाच्या मागं 18 इंची स्टूल ठेवून आई त्यावर बसली, पाय पाटावर. बायकोनं उटणं लावलं. स्टूल मी कंपनीत उरलेल्या पाइपचं वेल्डिंग करून केलंय, पायाला रबरी बुश, वर प्लास्टिकची सीट. खर्च 350. रोजच्या आंघोळीला तेच.

9 नोव्हेंबर

आजची नोंद मातीच्या घरवाल्यांसाठी, नीट वाचा.

माजघरातून पडवीत येताना उंबरठा पाच इंच उंच आणि पडवी अजून चार इंच खाली, म्हणजे आईला एका दमात नऊ इंच उतरावं लागतं. तिथं धरायला स्टीलचा दांडा बसवला, बाजारातला ग्रॅब बार, 650 रुपये, ड्रिल मारून फिशर, म्हणजे भोकात ठोकायची प्लास्टिकची गुट्टी, आणि तीन इंची स्क्रू. भिंत वरून सिमेंटच्या गिलाव्याची आहे पण आत माती आणि दगड. मी दोन्ही हातांनी ओढून बघितलं तेव्हा हलला नाही. चौथ्या दिवशी आई उतरताना त्यावर पूर्ण भार टाकून वाकली आणि दांडा वरच्या बाजूनं उखडून हातात आला. ती बसकण मारून खाली आली. हाड मोडलं नाही, कमरेला मार लागला, चार दिवस पडून होती. मी ओढलं होतं सरळ माझ्याकडं, आणि पडणारं माणूस खाली आणि बाजूला ओढतं, शिवाय झटक्यानं.

दांडा नसता तर ती जपून उतरली असती. तिनं माझ्या दांड्यावर विश्वास टाकला होता.

17 नोव्हेंबर

भिंतीवर काहीच अडकवायचं नाही असं ठरवलं. दीड इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा उभा खांब केला, खाली फरशी कापून दीड फूट खड्डा, काँक्रीट, आणि वर तुळईला पट्टीचा क्लँप. या उभ्या खांबाला आडवा दांडा वेल्ड केला, त्याची उंची म्हणजे आई सरळ उभी असताना तिच्या मनगटाची रेष. सात दिवस काँक्रीटला हात लावू दिला नाही. मग मी स्वतः, 78 किलो, लटकून झटके मारून बघितलं. खर्च पाइप, सिमेंट, फरशी कापणं धरून 2,300. संडासाची भिंत विटांची आहे तरी तिथंपण अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुलून पकडणारे लोखंडी बोल्ट लावले, साधे स्क्रू नाहीत.

उंबरठा कापू का विचारलं तर आई म्हणाली, "उंबऱ्याला हात लावायचा न्हाय. रोज पूजा करते मी त्याची." मी परत विचारलं नाही. त्याऐवजी पडवीच्या बाजूला शहाबादीचीच एक अर्धी पायरी केली, साडेचार इंचाची, रुंदी मात्र 14 इंच, पूर्ण पाऊल मावेल अशी. आता नऊच्या जागी दोनदा साडेचार. कडेला पिवळा पट्टा रंगवलाय, संध्याकाळी दिसत नव्हती.

1 डिसेंबर

व्यायामाबद्दल. मॅडमनी तीन दिलेत. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, तो पाच आकडे दाबून धरायचा. झोपून एक पाय मुडपून दुसरा सरळ वर उचलायचा. आणि खुर्चीतून उठबस. सुरुवातीला दहा-दहा वेळा, दोनदा.

आईनं पहिल्याच दिवशी तीस-तीस केले, लवकर बरं व्हायचं म्हणून, आणि मीच तिला शाबासकी दिली. रात्री गुडघा तापला, चार दिवस बंद. मॅडमनी मग मोजायची खूण सांगितली, व्यायामानं थोडं दुखलं तर चालेल पण ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत उतरलं पाहिजे, नाही उतरलं तर निम्मं करा. आता कॅलेंडरवर लिहितो, किती केले आणि दुसऱ्या दिवशी कसं होतं. तीन आठवडे काहीच फरक नव्हता. आई म्हणायची ह्यानं काय व्हतंय. पाचव्या आठवड्यात खुर्चीतून एका हातानं उठायला लागली.

22 डिसेंबर

थंडी कडाक्याची. सकाळी उठल्यावर गुडघे आखडतात, पंधरावीस मिनिटं चाललं की सुटतात. शेक सुरू केला आणि त्यात चूक झाली. आईनं आधी बाम चोळला आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपून गेली. सकाळी रुपयाएवढा फोड. बाम लावला असेल तर शेक नाही, शेकायचं तर पिशवीला टॉवेल गुंडाळून पंधरा मिनिटं, आणि झोपताना नाही. फोड भरायला बारा दिवस.

नीकॅपचंपण सांगतो, 550 ची आणली, अंदाजानं, घट्ट झाली, आई रात्रीपण घालून झोपली तर पावलं सुजली. माप घेऊन परत आणली. आता बाजाराला जाताना तेवढीच घालते.

14 जानेवारी 2025

पलंगाचं काम झालं. आधी चार पायांखाली विटा ठेवल्या होत्या, कूस बदलली की हलायचा. सुतारानं बाभळीचे ठोकळे करून दिले, वर एक इंच खोल खळगा, त्यात पलंगाचा पाय बसतो. चार ठोकळ्यांचे 800. उंची गादी दबल्यावर 18 होईल असं धरलं, नुसती गादी मोजू नका, आईला बसवून मोजा.

आज तिनं बसल्या बसल्या शेजारच्या चार जणींना वाण दिलं. कुणी खाली बसायचा आग्रह केला नाही, बायकोनं सगळ्यांनाच खुर्च्या मांडल्या होत्या. हे तिला सुचलं, मला नाही.

16 फेब्रुवारी

स्वयंपाकघर. इथं मी दोनदा हरलो. ओटा 34 इंच, आईला उंच पडतो, भाकरी थापताना खांदे वर जातात आणि अर्धा तास उभं राहिलं की गुडघे बोलतात. पहिल्यांदा उंच स्टूल दिलं, 24 इंची, त्यावर बसून गुडघे ओट्याच्या कडाप्प्यावर आपटायचे, पाय आत जायला जागाच नाही. दुसऱ्यांदा ओट्यापुढं लाकडी फळी टाकली उभं राहायला, ती रात्री अंधारात बायकोच्या पायात आली. दोन्ही काढलं. आता खिडकीजवळ 27 इंच उंचीचं लोखंडी टेबल केलंय, खाली मोकळं, त्यावर एक शेगडी आणि परात, समोर 18 इंची खुर्ची. भाकरी बसूनच, पण खुर्चीवर. "मला न्हाय जमणार खुर्चीवर भाकरी थापायला," म्हणाली होती. पहिल्या आठवडाभर भाकऱ्या फाटल्या, कारण परातीवर वरून जो जोर यायचा तो येत नव्हता. खुर्ची एक इंच वाढवली आणि जमलं. टेबल 1,900. विळीऐवजी सुरी मात्र तिला अजून आवडत नाही, म्हणून विळी टेबलाला क्लँपनं बसवून दिलीय.

30 मार्च

पाडवा. वजन केलं, 71 चं 67.5. उपास काही केले नाहीत. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, ते तीन कपांवर आणि अर्ध्या चमच्यावर आलं. रात्रीचा भात बंद, भाकरी एकच. मॅडम म्हणाल्या एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. हा हिशोब आईला पटला, कारण तिनं आयुष्यभर डोक्यावर पाट्या वाहिल्यात, चार किलो म्हणजे काय ते तिला माहीत आहे.

4 मे

काठी. सहा महिने नको म्हणत होती, "म्हातारी झाले असं गावाला सांगायचं का." मी आग्रह सोडला होता. परवा स्वतःच म्हणाली, बाजारात नेतोस तर काठी घेऊ. आम्ही आधी ताईनं पाठवलेली वापरली, ती उंच होती, खांदा वर जायचा. चप्पल घालून सरळ उभं करून मनगटाच्या रेषेपर्यंत पाहिजे. मी तीन इंच कापली. आणि धरायची दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात, उजवा दुखतो तर डाव्या हातात, दुखरा पाय आणि काठी एकत्र पुढं. आम्ही दोन दिवस उलटं करत होतो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. टोकाचं रबर झिजलं की लगेच बदला, 40 रुपयांचं आहे, झिजलेलं ओल्या शहाबादीवर साबणासारखं सरकतं.

जूनचा शेवट

आईनं लग्न झाल्यापासून लोणंद ते तरडगाव माउलींच्या पालखीबरोबर चालायचं कधी चुकवलं नव्हतं, कोरोनाची दोन वर्षं आणि गेली दोन वर्षं सोडून. चालणं शक्य नाही हे तिलाच माहीत होतं. मी गाडीनं चांदोबाच्या लिंबापर्यंत नेलं, तिथं पालखीचं उभं रिंगण होतं, घडीची खुर्ची बरोबर, रिंगणाच्या तीन तास आधी पोचलो. खुर्ची 16 इंची होती, तिच्यावर दोन घोंगड्या घालून उंच केली. अश्व धावला तेव्हा ती काठी धरून स्वतः उभी राहिली, मी धरलं नव्हतं. परत येताना दीडशे पावलं गर्दीतून चालली. दोन दिवस दुखलं, तिसऱ्या दिवशी उतरलं. जेल आणि आराम, गोळी घेतली नाही.

पावसाचं एक. पडवीतल्या नव्या पायरीवर शेवाळ धरलं. ब्लीचिंग पावडरनं घासून छिन्नीनं बारीक टाके मारून घेतलेत, आधीच मारायला पाहिजे होते.

1 सप्टेंबर 2025

गौरी पूजन. यंदा गौरी चौरंगावर नाही तर टेबलावर बसवल्या, खाली साडी लावून टेबल झाकलं. आईनं उभ्यानं नैवेद्य दाखवला. काल गौरीची पावलं काढायची होती उंबऱ्यापासून, ते खाली वाकून तिला होणार नव्हतं. मी लांब पाइपला रांगोळीची नळी बसवून दिली होती, तिनं दोन पावलं काढली, ती तिला आवडली नाहीत, पुसली. मग उंबऱ्यावर खुर्ची आडवी ठेवून बसली आणि नातीला सांगत गेली, टाच अशी, बोटं अशी, डावं आधी न्हाय, उजवं. नऊ पावलं झाली. दहावं नातीनं स्वतः काढलं.

एकूण खर्च, वाया गेलेला धरून 38,400. त्यातले साधारण 9,000 माझ्या चुकांचे. वजन 66. डावा गुडघा सध्या शांत आहे, उजवा पायऱ्यांना दुखतो, जिन्याकडं ती जातच नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरांना परत दाखवायचंय, उभा एक्स-रे काढून. आणि धुण्याचा दगड राहिलाय, तो अजून जमिनीवरच आहे, दिवाळीच्या आत त्याला कट्टा बांधायचा. उंची आधी विटा रचून आईला उभी करून बघणार.